हर्णैचं बंदर परभणी जिल्ह्यात: भरती-ओहोटी चालणाऱ्या मॉडेलच्या नोंदी

परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये कोकणातल्या हर्णै बंदराचं सहा फूट बाय चार फुटांचं मॉडेल उभं केलं. त्यातलं पाणी खरोखर चढतं आणि उतरतं. मराठवाड्यातल्या इतर शाळांना असं काही करायचं असेल, तर साहित्य, मापं आणि काय बिघडतं ते हाताशी असावं म्हणून या नोंदी. किनाऱ्यावरच्या गावाचा दिवस पाण्याच्या वेळेवर चालतो. होडी कधी सुटते, मासळी कधी उतरते, गाडी कुठवर जाते, हे सगळं पाणी ठरवतं. म्हणून आधी पाणी चालवलं आणि गाव नंतर वसवलं. उलट क्रमाने गेलात तर गाव दोनदा बांधावं लागेल.

4 एप्रिल. जागा आणि मापं

दापोली तालुक्यातलं हर्णै निवडलं, कारण तिथे थोड्या जागेत बरंच काही आहे: समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर गोवा किल्ला, कनकदुर्गावर दीपगृह आणि वाळूवर भरणारा मासळीचा लिलाव. शिवाय तिथे मासळी आणायला बैलगाड्या पाण्यात उतरतात. आपल्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातली वस्तू तिथे वेगळ्याच कामाला जुंपलेली दिसते.

आडवं प्रमाण 1:500, उभं प्रमाण 1:50. उभं माप दहापट ताणलं नाही तर भरती डोळ्याला दिसतच नाही. मुंबईकडे उधाणात भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो आणि दक्षिणेकडे तो कमी होत जातो. मॉडेलसाठी तीन मीटर धरले, म्हणजे 60 मिलिमीटर.

सहा फुटांची बाजू समुद्राकडून जमिनीकडे. पूर्ण भरतीला पाणी 110 सेंटिमीटरपर्यंत येतं, सुकतीला, म्हणजे ओहोटी पूर्ण झाल्यावर, 70 सेंटिमीटरवर थांबतं. मधली 40 सेंटिमीटरची पट्टी कधी ओली, कधी कोरडी. बघण्यासारखं जे काही आहे ते याच पट्टीत घडतं, म्हणून तिथे जागा कमी करू नका. जमिनीला उरलेले पाऊण मीटर पुरतात.

हिशेब: चढ-उताराचं पाणी साधारण 66 लिटर, सुकतीलाही उरणारं 50 लिटर. सिमेंट-विटा धरून वजन तीनशे किलोच्या घरात जाईल असं धरा. शाळेतली बाकं जोडून काम भागणार नाही.

9 एप्रिल. टेबल, पेटी, अस्तर

40 मिलिमीटर अँगलचं टेबल वेल्डिंगवाल्याकडून, उंची अडीच फूट, मधे दोन आडवे अँगल. त्यावर 12 मिलिमीटर प्लायची पेटी, कडा नऊ इंच.

पाणी धरण्यासाठी पत्र्याचा ट्रे, फायबर, डांबर असे पर्याय समोर होते. सगळ्यात चांगलं निघालं ते शेततळ्याचं 500 मायक्रॉनचं अस्तर. आपल्याकडे शेततळी इतकी झाली आहेत की अस्तराचे उरलेले तुकडे विकणारे तालुक्याच्या गावीही सापडतात. साडेआठ बाय साडेसहा फुटांचा एकसंध तुकडा घ्या. कोपरे कापू नका, पुस्तकाला कव्हर घालताना घडी मारतो तशी आत मारा आणि पट्ट्या पेटीच्या वरच्या कडेवर ठोका. पाण्याच्या पातळीखाली एकही खिळा नको.

अस्तराखाली प्लायवर जुनी सतरंजी अंथरली. प्लायचं कूस पातळ असलं तरी अस्तराला भोक पाडतं.

13 एप्रिल. निपल गळतो

पाणी बाहेर जाण्यासाठी समुद्राच्या टोकाला पेटीच्या तळाशी दीड इंची टँक निपल, म्हणजे टाकीतून पाइप बाहेर काढायची आट्यांची जोडणी. अस्तराच्या भोकाभोवती सिलिकॉन भरला, एक रात्र वाळू दिला, सकाळी पाणी भरलं आणि दुपारपर्यंत सतरंजी ओली. हे अस्तर पॉलिथिनचं असतं. पॉलिथिनवर सिलिकॉन धरत नाही, वाळला की सालीसारखा सुटतो. महागडा सिलिकॉन आणूनही उपयोग नाही.

इलाज दाबाचा आहे, चिकटवण्याचा नाही. अस्तराचं भोक निपलपेक्षा जरा लहान कापा, म्हणजे ते ताणून बसतं. ट्रकच्या जुन्या ट्यूबचे दोन वॉशर, एक आतून, एक बाहेरून. नट हाताने आवळा, मग पान्याने पाऊण फेरा. जास्त आवळलं तर रबर बाहेर सरकतं आणि पुन्हा गळती लागते. निपलच्या तोंडावर मच्छरदाणीची जाळी बांधली. पुढे वाळू आली तेव्हा तिने वाचवलं.

17 एप्रिल. घंटा-सायफन काढून टाकला

स्वस्तातली पहिली कल्पना: कूलरचा पंप पाणी भरत राहील, पातळी वर गेली की सायफन, म्हणजे नळीवर उपडं भांडं ठेवून केलेली मांडणी, आपोआप सुरू होऊन सगळं उपसून टाकेल. मोटर नको, टायमर नको. सायफन चालला, पण तो भरती-ओहोटीच्या कामाचा नाही. पाणी वीस मिनिटं चढत राहिलं आणि तीन मिनिटांत बंधाऱ्याचं दार उघडल्यासारखं ओसरलं. चाचणीला ठेवलेल्या लाकडी ठोकळ्या निपलकडे ओढल्या गेल्या.

खरी भरती तशी येत नाही. चढायला सहा तासांच्या वर आणि उतरायला जवळजवळ तेवढेच. सुरुवातीला हळू, मधल्या दोन तासांत सगळ्यात जोरात, टोकाला पुन्हा हळू आणि शेवटी क्षणभर थांबल्यासारखी. हा थांबा दिसला पाहिजे, कारण कोळी त्याच थांब्यावर नजर ठेवून असतात.

20 एप्रिल. हलतं तोंड

जी पद्धत शेवटपर्यंत टिकली ती अशी. पंप सतत पाणी टाकत राहतो, तो बंद होत नाही. निपलला बाहेरून एक पाइप जोडलेला आहे आणि त्याचं मोकळं तोंड हळूहळू वर-खाली होतं. तोंड जेवढं उंच, पाणी साधारण तेवढंच उंच राहतं. जास्तीचं तोंडातून सांडून खालच्या टाकीत जातं आणि तिथून पंप ते पुन्हा वर आणतो. तोंड फिरत्या चाकाला दोरीने बांधलं की चढ-उताराची चाल आपोआप खऱ्या भरतीसारखी येते: मधे जलद, टोकांना मंद.

वेळ: खऱ्या समुद्रात एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे 12 तास 25 मिनिटांनी. मॉडेलमध्ये एक तास म्हणजे दोन मिनिटं, त्यामुळे एक फेरा 24 मिनिटं 50 सेकंदांचा. आधी एक तास म्हणजे एक मिनिट धरलं होतं. त्याला मधल्या वेळी तासाला हजार लिटरचा वेग लागतो आणि साधा पंप तो देत नाही. फेरा दुप्पट केला की गरज पाचशे लिटरवर येते.

पंपाच्या डब्यावरचा आकडा धरून चालू नका. तो पाणी उचलायचं नसताना मिळणारा असतो. पाइप जिथे सोडायचा त्या उंचीवर 15 लिटरची बादली धरा आणि घड्याळ लावा. 18 वॅटच्या कूलर पंपाला बादली भरायला दोन मिनिटं लागली, म्हणजे तासाला 450 लिटर. भरती मागे पडत होती आणि पूर्ण उंची गाठतच नव्हती. 40 वॅटच्या पंपाने तीच बादली 55 सेकंदांत भरली. तोच ठेवला.

24 एप्रिल. एक इंची पाइप अपुरा

पंप मोठा झाला तशी दुसरी बाजू अडली. ओहोटीच्या वेळी बाहेर जाणाऱ्या पाइपला पंपाचं पाणी आणि उतरणारं पाणी, दोन्ही न्यावं लागतं, मिनिटाला सुमारे 25 लिटर. एक इंची होज पाइपमधून ते जाईना. तोंड तळापर्यंत खाली नेलं तरी पेटीतलं पाणी त्याच्या वर आठ-नऊ सेंटिमीटर अडकून राहिलं आणि सुकती आलीच नाही. बेसिनचा घड्यांचा वेस्ट पाइप लावून पाहिला. घड्यांमुळे त्यातही पाणी अडतं आणि मधे झोळ पडला की हवा कोंडून गचके देतं.

शेवटची जोडणी: दीड इंची सरळ पीव्हीसी पाइप, 60 सेंटिमीटर लांब. निपल आणि पाइप यांच्या मधे मोटारसायकलच्या ट्यूबचा 15 सेंटिमीटर तुकडा, दोन्ही बाजूंना क्लिपा. ट्यूब बिजागरीचं काम करते. पाइपचं टोक फक्त सहा सेंटिमीटर हलायचं असतं, त्यामुळे ट्यूब मुडपत नाही. टोकाखाली रंगाची रिकामी वीस लिटरची बादली, तिच्या तळातून पाइप खालच्या टाकीत. बादली नसेल तर शिंतोडे फरशीभर उडतात.

पाण्याची पातळी तोंडापेक्षा दीड-दोन सेंटिमीटर वर राहतेच. गणित करून ते बसवत बसू नका. पेटीच्या कडेला पट्टी चिकटवा आणि पट्टी पाहून दोरी लांब-आखूड करा.

29 एप्रिल. मोटर

मायक्रोवेव्हच्या ताटाखालची मोटर, मिनिटाला 10 फेऱ्यांची गिअर मोटर, दोन्ही या कामाला फार जलद. नेमा 17 स्टेपर (पावला-पावलाने फिरणारी मोटर), तिला वीज पुरवणारा ए4988 ड्रायव्हर आणि त्याला हुकूम देणारं आर्डुइनो नॅनो हे छोटं संगणक-बोर्ड घेतलं. एका फेऱ्यात 3,200 सूक्ष्म पावलं, दर 466 मिलिसेकंदांना एक पाऊल टाकलं की 24 मिनिटं 51 सेकंद होतात. एका सेकंदाचा फरक राहतो, तो सोडून दिला.

चाक म्हणजे 12 मिलिमीटर प्लायची चकती, मध्यापासून 30 मिलिमीटरवर बोल्ट. तिथे दोरी अडकवली की 60 मिलिमीटरची भरती मिळते, हे उधाण. दुसरं भोक 15 मिलिमीटरवर. तिथे बोल्ट घातला की भरती निम्मी, हा भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. दोन भोकांमुळे मुलांना पंचांग आणि समुद्र एकाच वेळी हाताळता येतात. मॉडेलमधला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचा भाग आहे.

चकतीच्या पुढच्या बाजूला काटा बसवला आणि मागे तबकडी: भरती लागली, पूर्ण भरती, ओहोटी लागली, सुकती. काटा चाकालाच पक्का आहे, त्यामुळे वीज गेली-आली तरी काटा आणि पाणी यांची फारकत होत नाही. वेगळं घड्याळ लावलं असतं तर ते रोज जुळवावं लागलं असतं.

3 मे. थर्माकोल तरंगला

किनारा आणि टेकडीसाठी थर्माकोलचे थर, वर प्लास्टर ऑफ पॅरिस. प्रदर्शनाची मॉडेलं अशीच होतात, पण ती कोरडी असतात. इथे पहिल्याच भरतीला किनाऱ्याची समुद्राकडची कड उचलली गेली आणि प्लास्टरला आडवी भेग पडली. वर विटा ठेवल्या तर थर्माकोल दबला, पण प्लास्टर पाण्यात भिजून खडूसारखं सुटायला लागलं आणि सगळं पाणी पांढरं झालं. वर ऑइलपेंटचे दोन हात मारूनही भेगेतून पाणी आत गेलंच. सगळं काढून टाकलं. पाण्याखाली येणाऱ्या भागात या दोन्ही वस्तू वापरू नका. भरतीच्या रेषेच्या वर, गावाच्या भागात, थर्माकोल चालतो.

5 ते 16 मे. सिमेंटचा किनारा

अस्तरावर पोत्यांचे दोन थर. त्यावर विटांचे तुकडे रचून उताराचा ढोबळ आकार, वर कोंबडी जाळी, जाळीवर 1:4 सिमेंट-वाळूचा दीड-दोन सेंटिमीटरचा थर. जाळीची कापलेली टोकं वरच्या बाजूला वळवा. खाली राहिली तर पोत्यातून अस्तरापर्यंत पोचतात.

मे महिन्यात परभणीत दुपारी 42-43 अंश. सकाळी आठच्या आत थर टाकला तरच तो नीट बसतो. दहानंतर टाकलेला पट्टा दुपारपर्यंत केसांसारखा चिरला. ओलं पोतं टाकून दिवसातून चार-पाच वेळा पाणी शिंपडा, किमान सात दिवस. या कामाला घाई करू नका, पुढचं सगळं यावर उभं राहतं.

क्युरिंगनंतर पाणी तीनदा भरून ओतून दिलं. नव्या सिमेंटचा चुना उतरतो, पाणी बुळबुळीत लागतं आणि पंपाच्या जाळीवर पांढरी पूड बसते.

वाळू: गोदावरीची चाळून धुतलेली बारीक वाळू. सुटी पसरली तर पाच-सहा फेऱ्यांत ओहोटीबरोबर खाली जाऊन निपलसमोर ढीग होतो. म्हणून पांढऱ्या सिमेंटचा पातळ हात देऊन ओल्यावरच वाळू दाबली. सुटी वाळू फक्त भरतीरेषेच्या वर ठेवली.

कोकणातला जांभा दाखवायला बिदरच्या पठारावरचा तांबडा मुरूम आणला. तोही जांभ्याच्याच जातीचा, रंग जुळवावा लागला नाही. सुवर्णदुर्ग समुद्राच्या कोपऱ्यात. या प्रमाणात तो अख्खा मावत नाही, म्हणून किनाऱ्याकडचा भागच केला. पाटीवर दोन गोष्टी लिहिल्या: 1755 मध्ये पेशवे आणि इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत तो आंग्र्यांकडून गेला, 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांची नोंद झाली, त्यांत तो आहे.

18 मे. ड्रायव्हर तापतो

सकाळी नीट चालणारी भरती दुपारी दोनच्या सुमारास मधेच थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची. पाइप, दोरी, वायर तपासण्यात दीड दिवस गेला. कारण ड्रायव्हरचं तापणं निघालं: हॉलमध्येच उकाडा, वर चिप बंद डब्यात. एक ड्रायव्हर जळाला.

नुसता पंखा लावून भागलं नाही. मोटरला लागणारा जोरच कमी केला. पाइपच्या टोकाची दोरी वरच्या गरारीवरून नेऊन दुसऱ्या बाजूला वाळू भरलेली अर्ध्या लिटरची बाटली टांगली. वजन जवळजवळ तोललं गेल्यावर ड्रायव्हरवरचा स्क्रू फिरवून करंट कमी करता आला. मग चिपवर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) आणि डब्याला भोकं, तेवढ्यावर तो दिवसभर चालतो. बाटली पाइपपेक्षा किंचित हलकीच ठेवा. वीज गेली की पाइप आपल्या वजनाने खाली येतो आणि मॉडेल सुकतीला जाऊन थांबतं. दुसऱ्या दिवशी सुरुवात कुठून होणार हे मग ठरलेलं असतं.

21 मे. वीज गेली, हॉलमध्ये पाणी

तोवर खाली शंभर लिटरचा ड्रम होता आणि पंपाच्या पाइपचं वरचं टोक, आवाज येऊ नये म्हणून, पाण्यात बुडवलेलं होतं. भरती असताना लाइट गेली. पंप थांबला, बुडालेल्या टोकातून पाणी उलट ओढलं जाऊ लागलं आणि पेटीतलं सुकतीखालचं पाणीही खाली आलं. ड्रममध्ये मावलं नाही ते फरशीवर. सतरंज्या आणि चार्टांचा गठ्ठा भिजला.

दोन बदल केले. पंपाच्या पाइपचं टोक पूर्ण भरतीच्या पातळीपेक्षा तीन बोटं वर, खडकामागे लपवून. पाणी धारेने पडतं, थोडा आवाज होतो, तो असू द्या. आणि खाली 200 लिटरची आडवी टाकी, जिच्यात सगळंच पाणी मावतं. आपल्याकडे वीज जाणारच हे धरूनच मापं घ्यायला हवीत.

26 मे. होड्या

थर्माकोलच्या होड्या कलंडतात. सागाचे तुकडे जड पडतात आणि पाण्यात खोल बसतात. पांगाऱ्याचं लाकूड हलकं आणि कोरायला मऊ, त्याच्या नऊ-दहा सेंटिमीटरच्या होड्या केल्या. तळाला खाच मारून शिशाची तार ठोकली. तार टाकायच्या आधी रंग देऊ नका; होडी पाण्यात सोडून, तार कमी-जास्त करून, सरळ बसली की मग रंग. 1:500 प्रमाणात होडी तीन सेंटिमीटरची झाली असती आणि तीन फुटांवरून दिसली नसती. होड्या मुद्दाम मोठ्या केल्या आहेत, तसं पाटीवर लिहिलं आहे.

नांगराचा दोर: पहिल्यांदा दोरा आखूड होता. भरती चढली तशी नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, खाली ओढली गेली आणि दोन होड्या पाणी भरून बसल्या. भरतीच्या खोलीच्या तिप्पट लांबी ठेवा. पण मग सुकतीला दोरे सैल होऊन एकमेकांत गुंततात. म्हणून पुढे एक, मागे एक असे दोन नांगर, आणि दोन होड्यांत होडीच्या दीडपट अंतर.

मोठ्या होड्या जिथे सुकतीलाही तीन सेंटिमीटर पाणी उरतं तिथेच नांगरल्या. लहान होड्या वाळूच्या पट्टीवर. सुकतीला त्या एका कुशीवर कलतात आणि भरतीला पुन्हा सरळ होतात. हे दृश्य दाखवण्यासाठी कुठलंही यंत्र लावावं लागलं नाही.

लाटांसाठी वायपरच्या मोटरवर फळी लावून पाहिली. दोरे गुंतले, वाळू सुटली. काढून टाकली.

1 जून. गाव, लिलाव, बैलगाड्या

आजपासून समुद्रात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, ती 31 जुलैपर्यंत. मॉडेलवर त्यासाठी वेगळी मांडणी ठेवली: होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या आणि वरून प्लास्टिकच्या कागदाने शाकारलेल्या. नारळी पौर्णिमेच्या सुमारास मुलांनीच त्या पुन्हा पाण्यात उतरवायच्या.

घरं: काळ्या मातीची करून पाहिली, वाळताना सगळी तडकली. पुठ्ठ्याची पाण्याजवळ आठवडाभरात फुगली. मग कुंभारमामांकडे गेलो. ते पोळ्याचे बैल करतात तीच गाळाची माती, तीच भट्टी. उतरत्या छपरांची तीस घरं आणि बैलगाड्यांच्या चार जोड्या भाजून मिळाल्या. छपरावर कौलांच्या रेघा ओल्या मातीवर कंगव्याने ओढायच्या, भाजल्यावर नाही.

माडांची खोडं खराट्याच्या काड्यांची. खराटा माडाच्याच हिरांचा असतो, त्यामुळे बाक आपोआप बरोबर येतो. झावळ्या क्रेप कागदाच्या केल्या तर दमट हवेत रंग उतरतो. हिरवी इन्सुलेशन टेप दुहेरी चिकटवून कात्रीने कातरा.

लिलावाची जागा भरतीरेषेला लागून ठेवली. वाळूवर मासळीचे वाटे, टोपल्या, बर्फाच्या पेट्या, बाजूला टेम्पो. वाटे एम-सीलचे: पापलेट चपटं आणि रुपेरी, सुरमई लांबट, बांगड्याच्या पाठीवर गडद पट्टे, कोळंबी गुलाबीसर. सगळे एकाच आकाराचे करू नका. लिलाव बोलीवर चालतो आणि बोली वाट्यातली मासळी पाहून लागते.

बैलगाड्यांची वाट पाण्यावरून ठरवली. उभ्या प्रमाणात 10 मिलिमीटर म्हणजे अर्धा मीटर पाणी, चाकाच्या आसापर्यंत. तेवढ्या खोलीपर्यंतच गाडी ठेवायची. सुकतीला ती रेषा बरीच आत सरकते, भरतीला वाळूवर येते. मुलांनी गाडी हाताने पुढे-मागे करायची. हे काम स्वयंचलित करायचा विचार सोडला. गाडी कुठवर नेता येईल हे हाताने ठरवल्याशिवाय भरती कळत नाही.

बोंबील वाळवायच्या वलांड्या उभारायच्या असा आग्रह होता. ती मुंबई-पालघरकडच्या किनाऱ्याची ठळक खूण आहे, म्हणून या मॉडेलवर घेतल्या नाहीत.

6 जून. दिवस-रात्र

वर एलईडी पट्टी, त्याच आर्डुइनोवर. दिवस 24 तासांचा, म्हणजे मॉडेलमध्ये 48 मिनिटं. दोन भरत्या मात्र 49 मिनिटं 40 सेकंदांत होतात. त्यामुळे रोज भरती 1 मिनिट 40 सेकंद, म्हणजे खऱ्या वेळेत 50 मिनिटं, उशिरा येते. मॉडेलच्या एका दिवशी होड्या उजेडात हलतात, काही दिवसांनी तीच भरती अंधारात. पंधरा दिवसांत चक्र जवळपास जागेवर येतं. दोन्हींना एकच टायमर लावला असता तर हे दिसलंच नसतं, म्हणून प्रकाश आणि पाणी यांची गणना मुद्दाम वेगळी ठेवली.

शेजारच्या फळ्यावर कोकणातला आडाखा लिहिला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. मुलं दिनदर्शिका घेऊन गुणाकार करतात आणि काटा तिथे आणून पाहतात.

10 जून. पाणी

बोअरचं पाणी भरलं होतं. आठवड्यात वाळूवर भरतीच्या रेषेला पांढरी क्षारांची कड आली आणि पंपाचा पंखा जड फिरू लागला. पंप व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवून सुटला. आता फिल्टरच्या जारचं पाणी भरतो, वीस लिटरचे सात जार. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी चालेल. खरेपणासाठी मीठ घालू नका. मोटरचे स्क्रू आणि क्लिपा गंजतात.

उन्हाळ्यात दिवसाला पाऊण बादलीपर्यंत पाणी उडून जातं. ते खालच्या टाकीतून कमी होतं, त्यामुळे वर पाहून कळत नाही आणि पंप कोरडा पडून जळू शकतो. टाकीवर लाल खूण केली आहे, त्याखाली पाणी गेलं की चालू करायचं नाही.

डास: पाणी चालू असलं तरी खडकामागच्या डबक्यात अळ्या दिसल्या. शनिवारी शाळा सुटताना सगळं पाणी काढायचं, सोमवारी भरायचं. यात कसूर नको.

14 जून. खर्च

टेबल 4,200. प्लाय 3,800. अस्तर 800. पंप 520. मोटर, ड्रायव्हर, आर्डुइनो, पॉवर सप्लाय आणि एलईडी मिळून 1,900. सिमेंट, जाळी, विटा, वाळू 1,450. पाइप, निपल, क्लिपा 850. रंग 1,100. कुंभारकाम 600. एकूण 15,220 रुपये. वाया गेलेलं वेगळं: थर्माकोल-प्लास्टर 950, छोटा पंप 250, एक इंची होज 180, जळालेला ड्रायव्हर 120, म्हणजे 1,500. खालची टाकी शाळेचीच पडून होती. टेबल आणि पेटी यांवर काटकसर करू नका. इलेक्ट्रॉनिक्सचं साहित्य छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडहून आणता येतं, पण ड्रायव्हर दोन जास्तीचे घ्या.

24 जून. वापर सुरू झाल्यावर

एका वेळी आठ मुलं टेबलाभोवती उभी राहू शकतात. जास्त झाली की कोणीतरी पेटीच्या कडेवर रेलतं आणि अस्तराची पट्टी सुटते. कडेवर दोन इंची लाकडी पट्टी स्क्रूने मारली.

मोटारसायकलच्या ट्यूबला क्लिपेजवळ बारीक चीर दिसली. क्लिपेखाली कापडाची पट्टी गुंडाळून नवा तुकडा बसवला. दर सत्राच्या सुरुवातीला तो बदलायचा, म्हणून एक तुकडा कापून डब्यात ठेवला आहे. दोरी सुताची होती, ती ओली होऊन ताणली आणि भरती चार मिलिमीटरने कमी झाली. तिच्या जागी मासेमारीची नायलॉन दोरी लावली.

पावसाळ्यात हवा दमट झाल्यावर भरतीरेषेजवळच्या घरांना तळाशी बुरशी आली. त्यांच्याखाली शहाबादी फरशीचे पातळ तुकडे बसवायचे आहेत, पुढच्या शनिवारी पाणी काढल्यावर.